दाजींचा टक्

मराठवाड्यात गाड्या दुरुस्त करणारे रग्गड होते, पण गाडीची नाडी पाहणारे एकच, आमचे दाजी. थोरल्या अक्काचे यजमान. देगलूरच्या तहसिलीत कारकून, पण सगळा जीव हैदराबादच्या लिलावातून आणलेल्या एका जुन्या परदेशी मोटारसायकलीत. तिला चेन नव्हती. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत पोलादी दांडा गेलेला आणि चाकाजवळ दात्यांचा एक बंद डबा. "हिला चेन न्हाई, थंड करायला पाणी न्हाई. आपल्या दुष्काळी मुलखासाठीच केलेली हाय," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

अशा गाडीची रेस सोडून पुन्हा पिळली की मागून आवाज येतो. एक टक् आला तर गाडी ठणठणीत, दोन आले तर कुठेतरी झीज. इंजिनाच्या धडधडीत तो चालवणाऱ्याला कळत नाही, मागे बसणाऱ्याच्या बुडाला कळतो. त्यामुळे दाजींच्या मागे बसणं ही एक नोकरीच होती. हदगावच्या लग्नाला जाताना मी मागे डुलकी काढली, तर त्यांनी मला भर रस्त्यात उतरवलं. "झोपायचं असंल तर येष्टीनं ये!" अक्का मात्र पक्की. तिचा शब्द ते डोळे झाकून मानत.

लातूर जिल्हा नवा झाला आणि अक्काला निलंग्याच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. विहिरी आटलेल्या, शेतात काही उरलं नव्हतं, नोकरी सोडायची सोय नव्हती. दाजी दर शनिवारी तिला घरी आणत, सोमवारी पहाटे पोचवत. "टक्?" "एकच." निलंग्यापर्यंत दोघांचा संसार एवढ्यावर चाले.

एका रविवारी तेल बदलायला त्यांनी डबा उघडला. मी तिथंच होतो. तेलाचा थेंब दोन बोटांत चोळून त्यांनी उन्हात धरला. बोटं चमचमली. लोखंडाचा चुरा!

"दाते गेले," ते म्हणाले. "ह्ये एका दिसाचं न्हाई. दोन टक् कवाधरनं येत असतील." आणि मग सावकाश अक्काकडे पाहिलं.

"दसऱ्यापासनं," अक्का पुटपुटली.

"आन् बोलली न्हाईस?"

"बोलले असते तर तुम्ही गाडी उभी केली असती. ड्यूटी सुटेपर्यंत इकडची शेवटची येष्टी निघून जाते, मंग मी घरी कशी आले असते?"

आता घर डोक्यावर घेतील, असं मला वाटलं. पण दाजी मातीने हात घासू लागले. हात धुवायला पाणी नव्हतंच. गाडी मात्र त्यांनी त्याच दिवशी उभी केली, कारण मागे अक्का बसणार होती. तसे दाते पुन्हा कुठेच मिळाले नाहीत. पुढे दर शनिवारी ते स्वतःच एसटीने निलंग्याला जाऊ लागले. बसायचे मागच्या बाकावर, आणि उतरताना ड्रायव्हरला गिअरबॉक्सची तब्येत सांगायचे. या माणसाचा मला फार अभिमान वाटतो.

आता दोघंही निवृत्त आहेत. गाडी अंगणात लिंबाखाली उभी असते. संध्याकाळी दाजी गिअर टाकून मागचं चाक हाताने हलवतात. टक्, टक्. मला ओट्यावर स्पष्ट ऐकू येतं.

शेंगा फोडत बसलेली अक्का मान वर न करता म्हणते, "एकच."

"मंग ठीक हाय," म्हणत दाजी मागची सीट पुसून ठेवतात.