पन्नास तास

माझी मोठी नणंद शाळेत शिवण शिकवायची. सगळी शाळा तिला शिवणबाई म्हणते, घरात आम्ही ताई म्हणतो. तिनं लग्न केलं नाही. आमच्या मागच्या खोलीत ती, तिचं मशीन आणि चिंध्यांची तीन पोती. मी या घरात आले तेव्हापासून तिला कधी रिकामं बसलेलं पाहिलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी शाळेनं शिवणाचा विषयच बंद केला. ताईला काहीतरी काम द्यायला हवं, म्हणून मुख्याध्यापिकेनं समाजसेवेचा तास तिच्या गळ्यात मारला. दर शनिवारी आठवीची मुलं बाहेर न्यायची आणि लोकांच्या उपयोगी पडेल असं काहीतरी त्यांच्याकडून करून घ्यायचं. पहिला महिनाभर ताई नुसती कुरकुरत होती. "पोरं वळायला ठेवलंय मला," म्हणायची. मग मुलांना घेऊन ती सरकारी दवाखान्यात जायला लागली. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे फॉर्म मुलं भरून द्यायची, म्हाताऱ्यांना हात धरून एक्स-रेच्या खोलीपर्यंत पोचवायची. नंतर नंतर तर शनिवारची वाट मुलांपेक्षा ताईच जास्त बघायची. जेवताना आम्हाला दुसरा विषय नाही.

त्या मुलांत तेरा वर्षांची एक मुलगी होती. एका जागी पाय ठरत नसे म्हणून ताईनं तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. दवाखान्याच्या मागचं अंगण साफ करायचं तिच्याच डोक्यातून निघालं. पेशंटचे नातेवाईक दिवसदिवस उन्हात ताटकळत उभे असतात, मागे एवढी सावली आहे, तिथं मोडक्या खाटा नि पुठ्ठे कशाला? ते हलवू, बाकं टाकू. मोठ्या नर्सनं परवानगी दिली, रबरी हातमोजेही दिले. पण ते मोठ्या माणसांच्या मापाचे. मुलांच्या हातातून निसटत होते, म्हणून निम्म्या मुलांनी काढून ठेवले. ताईनं ते पाहिलं होतं.

त्या शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला भिंगरी धावत आली. अंगठ्यावर रक्ताचा थेंब.

"बाई, सुई टोचली."

ताई तेव्हा दोन मुलांबरोबर एक खाट उचलत होती. तीस वर्षं सुयांशी खेळलेली बाई. तिच्या वर्गात दिवसाला चार बोटांना सुया टोचायच्या. ती हसली आणि म्हणाली, "सुईला काय घाबरतेस? धुऊन ये जा."

कसली सुई, कुठं टोचली, काही विचारलं नाही. भिंगरी नळावर गेली, अंगठा धुतला आणि परत कामाला लागली.

सोमवारी सकाळी मोठ्या नर्सचा शाळेत फोन आला. अंगणातल्या पुठ्ठ्यांखाली वापरलेल्या इंजेक्शनांची फाटलेली पिशवी सापडली होती. कुणीतरी जाळायला न्यायचा आळस करून तिथंच टाकलेली. नर्सनं विचारलं, "मुलांपैकी कुणाला काही लागलं तर नाही ना?"

फोन तसाच टाकून ताई आठवीच्या वर्गाकडे धावली. भिंगरी त्या दिवशी शाळेत आली नव्हती. ताई तशीच तिच्या घरी पळाली. घराला कुलूप. आई एका लॉन्ड्रीत इस्त्रीला होती. तिथं वाफेनं भरलेल्या खोलीत, चार बायकांसमोर, ताईनं तिला सगळं सांगितलं. आईनं इस्त्री बाजूला ठेवली, बटण बंद केलं.

"टोचल्यावर तिनं तुम्हाला सांगितलं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

ती जे म्हणाली होती तेच ताईनं सांगितलं. आई चपला घालून बाहेर पडली.

मुलगी मावशीकडे सापडली. रिक्षात तिघी बसल्या, मधे भिंगरी. मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "पन्नास तास झालेत. बहात्तरच्या आत आहात, एचआयव्ही टाळायच्या गोळ्या सुरू करता येतील. पण पहिल्या दोन तासांत आणलं असतं तर बरं झालं असतं." अठ्ठावीस दिवस गोळ्या, मग दीड महिन्यानं रक्त तपासायचं, मग तीन महिन्यांनी, शेवटचं सहा महिन्यांनी. तोवर काहीच खात्रीनं सांगता येणार नाही.

गोळ्यांनी मुलीच्या पोटात काही ठरेना. आईनं ताईला दारातूनच परत पाठवलं. "तुम्ही आता येऊ नका. तुम्हाला बघितलं की माझा तोल जातो." ताई आली, मागच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मशीन तिनं त्यानंतर उघडलं नाही. ताट पुढे ठेवलं की चतकोर खायची, बाकीचं तसंच. मी रागावले, समजावलं, एकदा रडलेसुद्धा. ती म्हणाली, "अगं, पोर माझ्यापाशी आली होती. सांगायला म्हणून आली होती."

महिन्याभरात शाळेत चौकशी लागली. मुख्याध्यापिकेनं ताईला बोलावून कागद पुढे सरकवला. हळू आवाजात म्हणाल्या, "विद्यार्थिनीनं दुखापतीची कल्पना दिली नाही, एवढं एक वाक्य लिहा. निवृत्तीला तुमची दोनच वर्षं राहिलीत. शाळेचंही नाव वाचेल. मुलीचं त्यात काय जातंय?"

ताई तो कागद घरी घेऊन आली. मी खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं की तिनं ते लिहून टाकावं. मी तसं म्हणालेही. ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून लिहीत होती. मी वाकून पाहिलं: "मुलीने मला लगेच सांगितले होते. मी लक्ष दिले नाही. हातमोजे काढलेले मी पाहिले होते."

समाजसेवेचा तास बंद झाला. पिशवी कुणी टाकली त्याची चौकशी दवाखान्यात अजून चालूच आहे म्हणतात. ताईला वर्ग मिळेना, तिला सामानाच्या खोलीत बसवलं. दीड महिन्याची आणि तीन महिन्यांची तपासणी झाली त्या दोन्ही दिवशी ती हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर उभी होती. मायलेकी बाहेर आल्या, तिला ओलांडून गेल्या. रिपोर्ट चांगला की वाईट, तिला कळत नव्हतं. विचारायची हिंमत नव्हती. चेहऱ्यांवरून काय ते ओळखायचं आणि पुन्हा दिवस ढकलायचे. त्या सहा महिन्यांत तिचे केस पांढरे झाले, हे मी लिहिण्यापुरतं म्हणत नाही.

शेवटच्या तपासणीनंतर आठवड्यानं भिंगरीची आई आमच्या दारात आली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"रिपोर्ट आला. काही निघालं नाही. सुटली पोर."

ताई पाणी आणायला वळली.

"तुम्हाला सांगणं माझं काम होतं म्हणून आले," आई म्हणाली. "चौकशीत तुम्ही खरं लिहिलंत, तेही कळलं मला. पण मी विसरले असं समजू नका. रोज पहाटे उठून मी तिचं कपाळ चाचपायचे, ताप आहे का बघायला."

आई जायला वळली आणि पायरीवर थांबली.

"आणखी एक. ती पुन्हा दवाखान्यात जायचं म्हणतेय. म्हाताऱ्यांचे फॉर्म भरायला, एकटीच. माझं ऐकत नाही. तुम्ही तिला सांगा, जाऊ नको म्हणून. तुमचं ऐकेल."

दुसऱ्या दिवशी ताईनं भिंगरीला सामानाच्या खोलीत बोलावलं. काय बोलणं झालं ते तिनं मला त्याच संध्याकाळी सांगितलं. भिंगरी म्हणाली, "बाई, पण तुम्हीच म्हणाला होतात ना, एकदा धरलेलं काम सोडायचं नाही?"

"म्हणाले होते," ताई म्हणाली. "आता सांगतेय, जाऊ नकोस."

मुलगी "बरं" म्हणाली आणि वर्गात निघून गेली. ती आता दवाखान्यात जात नाही. मागच्या अंगणाला नवं फाटक लावून कुलूप घातलंय. नातेवाईक पुढे उन्हातच उभे असतात. परवा माझ्या गुडघ्यासाठी मी गेले तेव्हा एक आजोबा कोरा फॉर्म हातात धरून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होते, लिहून देता का.

घरी आल्यावर ताईला मी ते सांगितलं नाही.