साखर खाली न जाणारं गणित

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी नाशिकच्या एका कॉलेजात गणित शिकवत होते आणि सोबत पीएच.डी. करत होते. विषय भारदस्त होता, मधुमेहाचं गणिती मॉडेल. रक्तातली साखर आणि इन्सुलिन एकमेकांना कसं वरखाली करतात, ते समीकरणांत मांडायचं. माझे गाइड आमचे विभागप्रमुखच. मधुमेहावर त्यांचे शोधनिबंध भरपूर. मधुमेही माणूस त्यांनी पाहिला असेल तर पंगतीत गोड नाकारताना.

सरांच्या मॉडेलमधला माणूस आदर्श होता. तो जेवत नसे, जिने चढत नसे, कुणावर चिडत नसे. साखर वाढली की त्याचं इन्सुलिन वाढे, घटली की घटे, आणि आलेख डुलत डुलत मधल्या रेषेवर येऊन निवांत बसे. सर त्या रेषेकडे जावयाकडे बघावं तसं कौतुकानं बघत.

माझ्या घरी मात्र आबा होते, माझे सासरे. नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, रोज सकाळी स्वतःच्या हातानं इन्सुलिन टोचून घेणारे. एकदा आम्ही मनमाडला नात्यातल्या लग्नाला गेलो. पत्रिकेतल्या मुहूर्तावर विश्वास ठेवून आबांनी निघताना सुई घेतली. वरात काही येईना. नवरदेवाचे मित्र बँडपुढे नाचत होते आणि मंडपात पाण्याशिवाय काही मिळत नव्हतं. बघते तर आबांचा सदरा घामानं पाठीला चिकटलेला. मग त्यांनी, कधी कुणाला अरेसुद्धा न म्हणालेल्या माणसानं, वरबापाला शिव्या द्यायला सुरुवात केली.

"सकाळीच घेतलेली दिसतेय," मागून कुणीतरी हसलं.

साखर उतरलीय हे ओळखून मी आचाऱ्याकडे धावले, वाटीत जिलबीचा पाक घेतला आणि आबांना थोडा थोडा पाजू लागले. वधूपक्षाकडच्या एक बाई ओरडल्या, "अगं, शुगरच्या माणसाला पाक? मारतेस की काय म्हाताऱ्याला!"

मी लक्ष दिलं नाही. आबा नीट गिळताहेत ना, एवढंच बघत होते. काही वेळानं त्यांनी तोंड पुसलं आणि हळूच विचारलं, "मी काही बोललो का गं?"

"काही नाही, आबा."

सोमवारी मी सरांना सगळं सांगितलं. "सर, आपल्या मॉडेलमध्ये साखर इतकी खाली जातच नाही."

"जाणारच नाही. संतुलन स्थिर आहे. सिद्ध केलंय आपण."

"पण टोचलेलं इन्सुलिन साखर घटली म्हणून थांबत नाही, सर. आपण निरोगी माणसाचं समीकरण घेतलं, त्यातला एक आकडा बदलला आणि त्याला मधुमेही म्हणतोय."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमचे सासरे अपवाद आहेत. अपवादांवर सिद्धांत उभे राहत नाहीत."

नाशकात ज्या ज्या घरच्या फ्रिजमध्ये इन्सुलिनची बाटली होती, त्या त्या घरी हा अपवाद राहत होता. मी एका मधुमेहतज्ज्ञांकडे गेले. त्यांना वाटलं, मी विमा विकायला आलेय. समजावल्यावर म्हणाले, "मॅडम, गणित कशाला? वेळेवर जेवा म्हणून सांगायचं." म्हणजे एका शहाण्याच्या मॉडेलमधल्या माणसाला पोटच नव्हतं आणि दुसऱ्या शहाण्याला गणित म्हणजे पाढे वाटत होते. तरी त्यांनी मला दवाखान्यात बसू दिलं, हे खरं. पेशंट खुशीनं बोलत. सुई कधी घेता, जेवता कधी, घाम कधी फुटतो, हे मी विचारत गेले. बाहेरून येणारं इन्सुलिन आणि लांबलेलं जेवण समीकरणांत घातल्यावर आलेख त्या मधल्या रेषेवर न थांबता सरळ खाली गेला.

सरांनी तो पाहिला आणि सही नाकारली. "फार कुरूप दिसतोय," म्हणाले.

मी गाइड बदलला. पुण्याच्या खेपा सुरू झाल्या आणि काही वर्षं गेली. तोंडी परीक्षेत एका डॉक्टरांनी विचारलं, "पेशंटचं जेवण उशिरा झालं तर?" मला पाच मिनिटं बोलायचं होतं, अर्धा तास बोलले. पदवी मिळाली.

कॉलेजात सत्कार झाला. शाल देताना सर माइकवर म्हणाले, "या कामाचं बीज आमच्याच विभागात रुजलं." टाळ्या पडल्या. मी नारळ घेतला आणि खाली उतरले. पुढे सर रक्तदाबाच्या मॉडेलकडे वळल्याचं कानावर आलं. मी चौकशी केली नाही.