उजव्या हातातला पोत

माझ्या छातीत उजवीकडे गाठ निघाली, तेव्हा पत्नी आणि धाकटा भाऊ या दोघांनाच खरे सांगितले. तो स्तनाचा कर्करोग होता. पुरुषांनाही होतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते. सोलापुरात शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या गाठी काढल्या, रोजची गोळी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, "आता काळजी नाही." मी विश्वास ठेवला.

मग त्या गोळीने ऐन थंडीत अंगातून वाफा निघू लागल्या. सदरे भिजत. पत्नी टॉवेल देत म्हणाली, "आता कळलं का, मागं मला काय होत हुतं? तवा म्हणायचात, पंखा लाव अन् गप झोप." मी हसलो. पण पुढे उजवा हात सुजला, अंगठी निघेना, तेव्हा हसू आटले.

"काखेतल्या गाठी काढल्या की काहींना होतं असं," डॉक्टर म्हणाले. "जड उचलू नका, चटका लागू देऊ नका."

"आधी का सांगितलं नाहीत?"

"तुम्ही थांबलात कुठं?"

ते खोटे नव्हते. बाहेर बाकांवर साऱ्या बायका असत. लाजेने मी घाईघाईत निघून येई. तरीही फसवले गेल्याची भावना गेली नाही.

मुलीच्या लग्नानंतर घरी देवीचा गोंधळ घातला. आमच्यात तेलात भिजवलेल्या चिंध्यांचा जळता पोत घरातला थोरला पुरुष नाचवतो, आणि तो उजव्याच हाताने. वडिलांनंतर हा मान माझा. डॉक्टरांनी बजावलेले मी कुणालाही सांगितले नाही. संबळाच्या तालावर जेमतेम फेरी झाली आणि पोत हातात कलला, तेल सांडले. भावाने पुढे होऊन पोत धरला.

"दादा, द्या हिकडं. त्या बायकांच्या आजारानं हाताची पार वाट लावली तुमच्या."

गोंधळाला आलेल्या चुलत्यांनी ऐकले. "बायकांचा? म्हंजी कसला रं?"

भावाने माझ्याकडे पाहिले. त्याच्या नजरेत कुचेष्टा नव्हती, भीती होती. तरी तो बोललाच, "छातीचा कॅन्सर, काका."

पोत त्यानेच नाचवला. मी घामाने निथळत भिंतीशी उभा राहिलो. कुणी माझ्या चेहऱ्याकडे पाहत नव्हते; साऱ्यांच्या नजरा सदऱ्यावर होत्या.

आरती झाल्यावर भाऊ माझ्या पाया पडायला वाकला. आशीर्वादाला उजवा हात उचलावा लागतो. मी तो उचलला नाही. हात सुजला होता, हे खरे. पण तेवढा नव्हता.