दामू मास्तरांचा खुराक

शिलाईच्या दुकानात दोन गोष्टी कधी संपत नाहीत: चिंध्या आणि किस्से. सकाळी झाडून काढाव्यात, तर संध्याकाळी पायाखाली पुन्हा तेवढ्याच! चिंध्या मी पोत्यात भरतो. किश्श्यांचं काय करायचं ते कळत नाही, म्हणून सांगत बसतो.

आमचं दुकान तेलगावात, माजलगाव रस्त्याला. तीन मशिनी: एक माझी, एक रफिकभाईची आणि दाराजवळची दामू मास्तरांची. आम्ही दोघं त्यांच्याच हाताखाली कात्री धरायला शिकलो. मास्तरांनी जन्मात माप कधी वहीत लिहिलं नाही. गिऱ्हाइकाच्या अंगाला एकदा टेप लावला की छाती, खांदा, बाही, सगळं डोक्यात! कुणी विचारलंच तर म्हणायचे, "वही कशाला? डोकं काय नुसतं टोपी घालायला हाय का?"

*

दोन वर्षांमागची गोष्ट. अंकुश नावाचं आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यानं मास्तरांनी शिवलेला नवा शर्ट दुकानातच घालून बघितला, तर बटणं काही लागेनात. अंकुश पोट आत ओढतोय, रफिकभाई दोन्ही बाजू धरून ओढतोय!

"मास्तर, हे माझ्या लग्नातलं माप हाय बघा!"

मास्तर शांतपणे म्हणाले, "मग माझं काय चुकलं? माप हाय तसंच हाय. तूच बदललास!"

दुकानभर हशा झाला. मीही हसलो. मग मास्तर नवं माप घ्यायला उठले. खांद्याला टेप लावला, आकडा बोलले, टेप गळ्यात टाकला. पुन्हा काढला, त्याच खांद्याला लावला, तोच आकडा बोलले. तिसऱ्यांदा टेप त्याच खांद्यावर गेला तेव्हा माझं हसू गेलं.

*

माजलगावच्या डॉक्टरांकडं मीच त्यांना घेऊन गेलो. सोबत त्यांच्या घरच्या, सुमनकाकू. डॉक्टर भला माणूस. कागदावर लिहून दिलं: अक्रोड, भिजवलेले बदाम, जवस, शेंगदाणे, पालक. गोड कमी, फिरणं आणि बोलणं जास्त. आणि स्पष्टच सांगितलं, "यानं गेलेली आठवण परत येत नसते. आहे ते टिकायला झाली तर थोडी मदत होईल."

काकूंनी कागदाची घडी घातली. दारापर्यंत गेल्या आणि मागं वळल्या.

"डाक्टरसायेब, बाकी काय बी इसरू द्या. मला तर इसरनार न्हाईत ना?"

डॉक्टरांनी कागद परत मागितला आणि पालकाच्या खाली मेथी लिहिली.

*

गावाला एवढंच कळलं की मास्तरांच्या डोक्याला खुराक पाहिजे. मग काय! ब्लाउज शिवायला टाकणारी बाई पदरात भोपळ्याच्या बिया घेऊन येणार. कुणी जवसाची चटणी, कुणी शेंगदाण्याचे लाडू. एकानं तर धरणातला ताजा मासाच आणला! मास्तर माळकरी. मासा रफिकभाईच्या घरी गेला.

"मास्तरच्या नावानं माझंच डोकं लई तेज व्हायलंय!" रफिकभाई म्हणाला.

त्याचे पाहुणे हैदराबादचे. त्यांच्याकडून त्यानं अक्रोड मागवले, स्वतः फोडले आणि बशीत घालून मास्तरांपुढं धरले. "ये देखो मास्तर, बिल्कुल दिमाग के सरीका दिखताय!"

मास्तरांनी एक गर उचलला, उजेडात धरला, फिरवून फिरवून बघितला.

"मंजी माझं बी आतून आसंच वाळलंय म्हन की!"

त्या दिवशी अक्रोड कुणीच खाल्ले नाहीत.

*

डब्याचा किस्सा तर रोजचाच. मास्तर बारा वाजता भाकरी, मेथीची भाजी, चटणी असं व्यवस्थित जेवायचे. हात धुवून बसले की अर्ध्या तासात विचारायचे, "आज जेवायचं न्हाई का रे?"

मी रिकामा डबा उघडून दाखवला.

"मला फशिवता व्हय बे! तुमीच खाल्लाव आन् मला डबा दाखवायलाव!"

ज्यांनी आयुष्यभर आधी आम्हाला वाढलं, त्यांच्या तोंडून हे ऐकायचं! काकूंना सांगितलं, तर दुसऱ्या दिवसापासून त्या दोन छोटे डबे पाठवायला लागल्या. म्हणाल्या, "एक भाकर आधी द्या, एक मागून. पोटाला तेवढंच, पर त्यांला दोनदा जेवल्यावानी वाटंल."

*

एकदा मास्तर बराच वेळ मशिनीवर हललेच नाहीत. एका हातात सुई, दुसऱ्या हातात दोरा. चष्मा पुसून दिला, दिवा लावला, तरी तसेच.

"काय झालं मास्तर?"

त्यांनी अगदी हळू विचारलं, "सुई हाय, दोरा बी हाय. आता फुडं काय करत्यात रे?"

मी दुकानामागं जाऊन रडलो. लाज कशाची? मला काज करायला त्यांनीच शिकवलं होतं. परत आलो तर रफिकभाई त्यांच्या शेजारी बसून, त्यांचा हात हातात धरून दोरा ओवत होता.

*

आणि हा मागच्या महिन्यातला. सकाळी मास्तरांना आणायला मी घरी गेलो. आता ते शिवत नाहीत, पण दुकानात येऊन बसतात. अंगणात काकू भिजवलेले बदाम सोलत होत्या. सोलून झाले की बशी पुढं धरायची आणि विचारायचं, हा त्यांचा रोजचा नेम.

"सांगा बरं, मी कोन?"

मास्तर बघत राहिले.

"सांगा की. मी कोन हाय?"

मास्तर काकूंकडं बघतायत, माझ्याकडं बघतायत. काकूंनी बशी आणखी पुढं सरकवली. आणि तिसऱ्यांदा विचारलं, "अवो, मी कोन?"

मास्तरांनी बशीतले सगळे बदाम उचलले, काकूंच्या हातावर ठेवले आणि त्यांची मूठ स्वतःच्या हातानं मिटली. परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले,

"बाई, हे तुमीच खावा. कवापासून इच्यारायलाव, मी कोन, मी कोन. खावा, यील आठवून. घरी कुनीतरी वाट बघत आसंल तुमची."

काकूंनी मूठ उघडली आणि एकेक करून सगळे बदाम खाल्ले.