दुपारी दोन ते तीन

खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं, हे आधीच सांगते. तक्त्यातला एक चौकोन रिकामा राहिला होता, एवढंच. आणि रिकामा चौकोन मला बघवत नाही.

नवऱ्याची बँकेतली बदली झाली म्हणून आम्ही तंजावूरला आलो. मी नगरकडची मराठी ख्रिस्ती, जाऊन पडले तिथल्या चर्चच्या तमिळ मंडळीत. पहिलं वर्ष नुसती मान डोलावण्यात गेलं. पण एकदा भाषा तोंडात बसली आणि मग मी कुणाला ऐकते होय! दोन वर्षांत चर्चमधलं निम्मं काम माझ्या गळ्यात पडलं, म्हणजे मीच ते ओढून घेतलं.

घराघरावर केबलच्या वायरी लोंबायला लागल्या होत्या ते दिवस. शुक्रवारच्या प्रार्थनेला पाच बाया येत, त्यातल्या दोघींचा डोळा घड्याळावर. आमच्या पाळकांना याचा घोर लागला होता. एके रविवारी त्यांनी जाहीर केलं की मंडळीच्या संजीवनासाठी, तिच्यात पुन्हा जीव यावा म्हणून, एकवीस दिवस साखळी प्रार्थना करायची. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. एकेका घराने रोजचा एकेक तास घ्यायचा आणि आपल्याच घरी गुडघे टेकायचे. एकही तास मोकळा जाता कामा नये. तक्ता करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

अकरा तास भरले. दुपारी दोन ते तीन काही केल्या भरेना. एकीच्या घरी त्याच वेळी करंट जातो, दुसरीची मुलगी कॉम्प्युटर क्लासहून उपाशी येते, तिसरी तर सरळ म्हणाली, "अक्का, तेव्हा माझी सीरियल असते." मी घरी येऊन फणफणले, "देवासाठी एक तास निघत नाही मेल्यांचा, आणि म्हणे संजीवन हवंय!"

नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "तूच घे की."

"माझा सकाळी सहाचा आहे ना!" मी म्हटलं. खरी गोष्ट अशी की दुपारी दोनला मी झोपते. लग्नाआधीपासून झोपते.

रविवारी सकाळी तक्ता लावायचा होता, सोमवारपासून साखळी सुरू. शनिवारी संध्याकाळी मी त्या चौकोनात आजींचं नाव लिहून टाकलं.

आजी, तमिळ लोकांच्या पाट्टी, आमच्या मंडळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या. शहराबाहेर, पापनाशमच्या वाटेवर, कालव्याकाठच्या एका खोलीत एकट्या राहत. घराणं तिथलंच, तंजावूरच्या मराठा राजांच्या काळापासून स्थायिक झालेलं मराठी. तरुणपणी त्या ख्रिस्ती झाल्या आणि माहेर तुटलं ते कायमचं. पुढे जन्मभर गावोगाव पायी हिंडून बायकांना शुभवर्तमान सांगितलं. कंबरेचं हाड मोडल्यापासून तीन वर्षं अंथरुणावर होत्या. शेजारची बाई येऊन कांजी भरवून जाई. मराठी बोलायला मिळतं म्हणून सुरुवातीला मी दर आठवड्याला जायची. त्यांची मराठी जुन्या वळणाची, वर तमिळ हेल, फार गोड वाटायची कानाला. मग माझी कामं वाढली आणि जाणं राहिलं. नाव लिहिताना मी स्वतःला समजावलं, आजी प्रार्थना करतच असतील, दुसरं काय करणार पडल्या पडल्या? सोमवारी जाऊन सांगून येऊ.

सोमवारी पाहुणे आले. मंगळवारी पाय निघाला नाही, त्याला कारण रविवारी चर्चमध्ये जे झालं ते; ते सांगायचंच राहिलं.

पाळकांनी तक्ता मोठ्याने वाचला. दोन ते तीनपाशी थांबले. मग म्हणाले, "ज्या बाईला कूस बदलायला दुसरं माणूस लागतं तिने हा तास उचलला, आणि आपण सबबी सांगतो." ती सीरियलवाली रडायला लागली. त्या शुक्रवारी प्रार्थनेला पाचाच्या तेवीस बाया आल्या. त्यानंतरच्या शुक्रवारी पुरुषही आले, दारापर्यंत चपला. जे व्हावं म्हणून आम्ही मागत होतो ते होत होतं, आणि त्याच्या तळाशी माझी थाप!

मला अन्न जाईना. रसम दोनदा करपवलं, आणि रसम करपवायला अक्कल लागते. सकाळी सहाला गुडघे टेकले की संजीवन राहायचं बाजूला, "देवा, हे उघडकीला येऊ देऊ नकोस," एवढंच तोंडात येई. आणि अशी प्रार्थना कुणाला करतोय हे लक्षात आलं की घाम फुटायचा. सांगावं तर आलेली माणसं उठून जातील, पुन्हा म्हणून विश्वास ठेवणार नाहीत. न सांगावं तर मी काय तोंडाने आमेन म्हणायचं?

साखळीच्या दुसऱ्या रविवारी पाळकांनी घोषणा केली. पुढच्या रविवारी, साखळीच्या शेवटच्या दिवशी, मंडळीतल्या दहा-बारा जणांना घेऊन ते आजींकडे प्रभुभोजन, म्हणजे भाकर नि द्राक्षारस, घेऊन जाणार होते. सगळ्यांतर्फे आभार मानणार होते. आजी सरळ विचारणार, कसला तास?

सहा दिवस मी टाळलं. शनिवारी दुपारी मात्र बस पकडली. कालव्याच्या कडेने चालताना तीनदा वाटलं, परत फिरावं.

आजींनी मला ओळखलं, हसल्या. "आलीस गे? बैस."

मी बसले नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. चौकोन, नाव, पाळकांचं बोलणं, तेवीस बाया, उद्याचं येणं. आजींचं हसू मावळलं. मला वाटलं होतं त्या रागावतील, नाही तर म्हणतील, जाऊ दे, मी तशीही प्रार्थना करतेच. दोन्हीपैकी काही झालं नाही.

"मला आधी पुसलं का नाहीस?" त्या म्हणाल्या.

"आजी, चुकलं माझं. उद्या सगळे येतील, मला फार भीती—"

"तुझं भय कळलं गे. मी माझं सांगते. तीन वर्षं झाली. माणसं येतात, बिस्किटं ठेवतात, माझ्यासाठी प्रार्थना करून जातात. कुणी म्हणत नाही, आजी, हे एवढं काम करा. तू तर नाव लिहिलंस, तरी मला पुसलं नाहीस. तुला वाटलं, हिच्यानं काय होणार?"

खोटं कसं सांगू? तसंच वाटलं होतं मला. मी खाली बसले आणि रडले. त्यांनी मला गप्प केलं नाही. मी थांबल्यावर एवढंच म्हणाल्या, "उद्या तू सांगायचं. मी खोटं बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्या लहानशा खोलीत आम्ही बाराजण दाटीवाटीने उभे होतो. पाळकांनी आभाराला तोंड उघडायच्या आत मी बोलले. माझं तमिळ त्या दिवशी पार लंगडं झालं, पण सगळ्यांना कळलं. सीरियलवालीने माझ्याकडे असं पाहिलं की ते मी आजही विसरलेले नाही. एकजण पुटपुटला, "म्हणजे सगळं खोटंच होतं?" एक म्हातारे गृहस्थ छत्री उचलून निघालेही.

तेव्हा आजी बोलल्या, सगळ्यांना कळावं म्हणून तमिळमधून. "हिनं मला पुसायला पाहिजे होतं. तुम्हीही पुसायला पाहिजे होतं."

छत्रीवाले दारातच थांबले. मी पाळकांकडे पाहिलं, आता हे मला काय बोलतील म्हणून. त्यांनी हातातलं प्रभुभोजनाचं भांडं खिडकीत ठेवलं, आजींच्या खाटेशी जमिनीवर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "पाट्टी, माझ्यासाठी प्रार्थना करा. बरेच महिने झाले, मी बोलतो सगळं, पण आत काहीच हलत नाही."

आजींनी हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. आम्ही बाकीचे तिथेच उभे राहिलो, आपली पाळी कधी येते याची वाट पाहत.