गप्पूकाकांचा मेंदू

माझ्या मावशीची नोकरी काय, हे आम्ही मुलं लहानपणी कुणाला नीट सांगत नसू. "हॉस्पिटलात आहे," म्हणायचं आणि विषय बदलायचा. खरं असं होतं, की हॉस्पिटलात कुणी वारलं की मावशी त्याच्या माणसांजवळ जाऊन बसायची आणि संशोधनासाठी त्याचा मेंदू मागायची.

तळमजल्यावर एक्स-रेच्या शेजारी तिची खोली होती. चार खुर्च्या, पाण्याचा जग, कागदी रुमाल. खिडकी नाही. तिथे ती आधी गेलेल्या माणसाबद्दल विचारायची, मन लावून ऐकायची आणि मग म्हणायची, "एक मागणं आहे. नाही म्हणालात तरी मला वाईट वाटणार नाही." बरेच जण नाहीच म्हणत. एका सुनेने तर पाण्याचा पेला तिच्या अंगावर रिकामा केला होता. मावशी तशीच ओल्या अंगाने बसून राहिली. शेवटी ती सूनच रुमाल घेऊन तिला पुसायला लागली.

तिच्या नवऱ्याला सगळी गल्ली गप्पूकाका म्हणे. काका प्लास्टिकच्या बादल्यांच्या कारखान्यात होते. साच्यातून ज्या बादल्या वाकड्या किंवा चिरलेल्या निघत, त्या दळणाऱ्या यंत्रात टाकायच्या, हे त्यांचं काम. चुरा परत वितळवला जाई. संध्याकाळी घरी आले की भुवयांवर आणि कानांच्या पाळ्यांवर बारीक पूड असायची, कधी निळी, कधी लाल. आंघोळ होईपर्यंत विनोद चालू. "आमची ही गावभर मेंदू मागत फिरते," ते सांगायचे, "घरात एकही सापडला नाही म्हणून."

काका निवृत्त झाले आणि त्यांचा मुलगा, माझा मावसभाऊ, त्याच कारखान्यात, त्याच यंत्रावर लागला. आम्ही त्याला दादा म्हणतो. घरात सगळ्यांना आनंद झाला. ओळखीची जागा, ओळखीची माणसं.

त्याच सुमाराला हॉस्पिटलात नवं संशोधन सुरू झालं. विभागाच्या प्रमुख डॉक्टरांनी, ज्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत, सर्वांना बोलावून समजावून सांगितलं. प्लास्टिक झिजतं, त्याचे कण इतके बारीक होतात की डोळ्याला दिसत नाहीत. ते पाण्यातून, अन्नातून, श्वासातून अंगात जातात. रक्तातून मेंदूत काही भलतंसलतं जाऊ नये म्हणून निसर्गाने एक गाळणी ठेवलेली असते. अगदी बारीक कण तीही ओलांडतात. उंदरांना असं पाणी पाजलं तर काही आठवड्यांतच त्यांचं वागणं बदलतं, काहींना शिकवलेली वाट सापडत नाही. माणसांच्या मेंदूतही कण सापडलेत. त्यांच्यामुळे नेमकं काय बिघडतं, ते शोधायचंय.

बाकीचे चहा प्यायला गेले. मावशी खुर्चीतच बसून राहिली. तिला निळ्या भुवया दिसत होत्या.

मग एका रविवारी आम्ही सगळे त्यांच्याकडे जेवायला जमलो होतो. काकांनी त्यांची बहिऱ्या न्हाव्याची गोष्ट काढली. ती आम्हाला तोंडपाठ होती, तरी दर वेळी हसू यायचं. गिऱ्हाईक म्हणतं मिशी राहू दे, न्हावी वस्तरा उचलतो, आणि... काका थांबले. आम्ही वाट पाहत राहिलो. त्यांनी सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं आणि एकदम स्वतःच मोठ्याने हसले. आम्हाला वाटलं, हीच नवी गंमत. आम्हीही हसलो. फक्त मावशी हसली नाही.

त्या आठवड्यात तिने स्वयंपाकघर उपसलं. डबे, बाटल्या, भाजी चिरायची फळी, किटली, चमचे, प्लास्टिकचं होतं नव्हतं ते सगळं पोत्यात भरून दाराबाहेर ठेवलं. काका पोत्याभोवती फिरले.

"अगं, याच्यावर तर आपलं घर उभं राहिलं! काय बिघडलंय त्या डब्यांचं?"

"वास येतो," मावशी म्हणाली.

खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दादाचं यंत्र मध्ये आलं असतं, आणि दादाचा पगार थांबला तर तिच्या एकटीच्या पगारावर घर कसं चालणार? तिच्या डोक्याला भुंगा लागला होता. काका चष्मा शोधायला लागले की ती हातातलं काम टाकून त्यांच्याकडे बघत राहायची. कोणता वार, कोण आलं होतं, सकाळी काय खाल्लं, असं ती काहीतरी सहज विचारल्यासारखं विचारायची आणि उत्तर येईपर्यंत श्वास धरून ठेवायची.

एके दिवशी कारखान्याचा पहारेकरी काकांना हाताला धरून घरी घेऊन आला. निवृत्त होऊन किती काळ लोटला होता, तरी ते डबा घेऊन फाटकाशी कामाला हजर झाले होते. मग तपासण्या झाल्या. विस्मरणाचा आजार, वाढत जाणारा.

मावशी मोठ्या मॅडमकडे गेली. "त्या पुडीमुळे झालं का?"

"मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "वय आहे, रक्तदाब आहे, त्यांच्या आईलाही होतं म्हणता. उंदरांवरून माणसाबद्दल छातीठोकपणे नाही सांगता येत."

हो म्हणाल्या असत्या तर निदान रडता आलं असतं, असं मावशी पुढे मला म्हणाली. नाही म्हणाल्या असत्या तर झोपता आलं असतं.

काकांचे काही दिवस लख्ख असायचे. अशाच एका दुपारी मावशी त्यांची नखं कापत होती.

"तू सगळ्यांकडे मागतेस," ते म्हणाले. "माझ्याकडे कधी मागणार?"

"गप्प बसा हं."

"गप्पूला गप्प बस म्हणतेस?" ते हसले. मग हसू ओसरलं. "डबे का फेकलेस ते मला कळलंय. मी विसरतोय, बावळट नाही झालो. घ्या माझा मेंदू, बघा काय साठलंय त्यात. पण आधी पोराला तिथून उठव."

मावशीने नखं कापून संपवली. दादाला मात्र तिने तेव्हाही काही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, करता करता थंडी आली आणि काकांना न्यूमोनिया झाला. ते मावशीच्याच हॉस्पिटलात वारले.

तिच्या हाताखाली तयार झालेली एक मुलगी त्या बिनखिडकीच्या खोलीत आली, समोर बसली आणि कागदी रुमालाच्या घड्या घालत राहिली. तेव्हा मावशीच दादाकडे वळली.

"बाबांचा मेंदू द्यायचाय."

"आई, त्यांची चिरफाड करायची? तू असं म्हणतेस?"

लोकांसमोर वर्षानुवर्षं बोललेलं एकही वाक्य मावशीला आठवलं नाही. "त्यांनी मला सांगितलं होतं रे," एवढंच ती म्हणाली. दादा उठून बाहेर गेला. बराच वेळ त्याच्या येरझारा ऐकू येत होत्या. मग तो आत आला आणि आईकडे न बघता त्याने मान हलवली.

निकाल यायला पुष्कळ महिने गेले. कण सापडले होते, भरपूर. "पण ज्यांना शेवटपर्यंत सगळं आठवत होतं, त्यांच्या मेंदूतही सापडलेत," मॅडम म्हणाल्या. "आजारी मेंदूत जास्त दिसतात. मात्र कणांमुळे आजार होतो, की आजारी मेंदूत ते जास्त साचतात, हे अजून कळलेलं नाही."

त्या संध्याकाळी मावशीने दादाला सगळं सांगितलं. उंदीर, गाळणी, काकांचं ते बोलणं, सगळं. दादा भडकला. "इतके दिवस दाबून ठेवलंस? आणि आता सांगून मी काय करू? खाऊ काय?" तो रागाने आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. नंतर मालकाशी भांडून त्याने यंत्रावर हवा ओढणारा पंखा बसवून घेतला आणि स्वतः पॅकिंगला बदली मागून घेतली. मालकाने मास्कही दिले. पॅकिंगची जागा त्याच छपराखाली आहे, पुडीला काही भिंत अडवत नाही, हे मावशीला ठाऊक आहे.

ती अजून ती नोकरी करते. पूर्वी नातेवाइकांना सांगायची, "यातून काहीतरी कळेल." आता म्हणते, "कदाचित आपल्या हयातीत काहीच कळणार नाही." होकार देणारे देतात, नाकारणारे नाकारतात.

गेल्या महिन्यात मी तिच्यासोबत बाजारात निघाले होते. तिने मध्येच रस्ता बदलला आणि आम्ही कारखान्याच्या फाटकाशी आलो. जाळीतून आतलं दिसत होतं. दादा बादल्या एकात एक बसवत होता, मास्क हनुवटीखाली. हवा कोंदट, घामाने सदरा पाठीला चिकटलेला. त्याची नजर आमच्याकडे गेली. त्याने झटकन मास्क नाकावर ओढला आणि फाटकाशी आला.

"आई, इकडे कुठे?"

"सहज. बाजारात चाललो होतो."

बाजार उलट्या दिशेला आहे हे तिघांनाही माहीत होतं. मावशीने जाळीतून हात घालून त्याच्या कानामागची मास्कची दोरी नीट केली, बोटाच्या टोकाला काही लागलं का ते पाहिलं, आणि हात पदराआड नेला.