भांगातली भविष्यवाणी

खांदा कॉलनीतल्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना माझ्या पोटातल्या बाळापेक्षा माझ्या डोक्याची काळजी जास्त. लिफ्टमध्ये भेटल्या की आधी भांग तपासायच्या. केस दाट दिसले की, "मुलगाच गं!" पुढच्या आठवड्यात कोंडा दिसला की, "छे, मुलगी." सोनोग्राफीवाल्यांना बंदी आहे, काकूंना नाही.

मुलगी झाली आणि माझे केस पुंजक्यांनी गळायला लागले. "बघ, म्हटलं होतं!" हे ऐकवायला काकू हजर. तेवढ्यात बाळ किंचाळायला लागलं, कशानेच थांबेना. काकूंनी सवयीने त्याचीही तपासणी सुरू केली. मोजा काढला, तर अंगठ्याला माझाच केस करकचून गुंडाळलेला. तो नखाने हळूच सोडवत म्हणाल्या, "तरी सांगत होते, केस बांधत जा."

आता लिफ्टमध्ये मीच डोकं पुढे करते.